डोळ्याच्या पडद्याची सूज: एकदाच लेसर की दर महिन्याला इंजेक्शन?

प्रश्न: आईचं वय ६१. मधुमेह १४ वर्षांपासून, गोळ्यांवर. दिवाळीपासून उजव्या डोळ्यानं पोथी वाचता येईना म्हणून तपासून घेतलं. नजर उजवीकडे ६/१८, डावीकडे ६/६ (म्हणजे पूर्ण). ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, उजव्या डोळ्यात मध्यभागी सूज, जाडी ४२८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डाव्या डोळ्यात 'मध्यापासून दूर थोडी सूज' असं लिहिलंय. बार्शीच्या डॉक्टरांनी लेसर सुचवला. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात, दर महिन्याला एक अशी आधी तीन इंजेक्शनं देऊ, पुढचं मग बघू. शेजारपाजारचे सांगतात की इंजेक्शन एकदा लागलं की सुटत नाही, आणि त्यानं डोळाही जातो. आम्ही शेतकरी माणसं. एकदाच काय ते लेसरचे पैसे भरून मोकळं व्हावं असं वाटतं. काय करू?

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून उजव्या डोळ्याला इंजेक्शनच योग्य दिसतं. डाव्याला आज घाई नाही, आणि तिथे पुढेमागे लेसर लागला तर तो अगदी रास्त उपचार आहे. म्हणजे तुमचे दोन डॉक्टर एकमेकांविरुद्ध बोलतायत असं धरून चालू नका. बार्शीच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: लेसर कोणत्या डोळ्याला, आणि कसला? या एका प्रश्नानं निम्मा गोंधळ मिटण्याची शक्यता आहे.

कसला, हे विचारायचं कारण असं की 'डोळ्याला लेसर' या नावाखाली निरनिराळ्या गोष्टी खपतात. चष्मा घालवायचा लेसर वेगळा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागे आलेली जाळी कापायचा वेगळा. मधुमेहाच्या पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर पडद्याच्या कडेच्या भागात हजार-दीड हजार ठिपके मारतात, तोही वेगळा. तो डोळा वाचवायला फार महत्त्वाचा असतो, पण मधल्या सुजेवरचा इलाज तो नव्हे. उलट त्यानं काही दिवस सूज वाढूही शकते. आईंना तसल्या नवीन रक्तवाहिन्या असतील तर त्या लेसरचा निर्णय स्वतंत्रपणे होईल. आपण बोलतोय ते मधल्या सुजेवरच्या लेसरबद्दल.

आधी तो ओसीटीचा कागद समोर घ्या. त्यावर गोल असतो, नऊ भागांत कापलेला, प्रत्येक भागात आकडा. अगदी मधल्या छोट्या गोलातला आकडा आपल्या कामाचा. निरोगी डोळ्यात तो साधारण २५० ते २८० मायक्रॉनच्या आसपास येतो. यंत्रागणिक थोडा फरक पडतो, त्यामुळे पुढची प्रत्येक तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करा. एका दवाखान्यातला ३१० आणि दुसऱ्या दवाखान्यातला ३३० ही वाढ असेलच असं नाही. गोलाशेजारी पडद्याचा आडवा छेद करड्या रंगात दिसतो. मध्याला एरवी छोटी खोलगट जागा असते. आईंच्या उजव्या डोळ्यात ती भरून टेकाड झालेलं दिसेल आणि आत काळे पोकळ कप्पे दिसतील. ते पाणी. मधुमेहानं झिजलेल्या बारीक केशवाहिन्यांतून ते पाझरतं. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं याच मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या जागेवर चालतं, म्हणून पोथीची अक्षरं गेली आणि घरात वावरताना मात्र काही अडलं नाही.

आता लेसर. हिरव्या किरणानं, ५० ते १०० मायक्रॉनच्या ठिपक्यानं, सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या किंवा त्याहून कमी वेळात गळक्या जागा शेकतात. बाहुली मोठी करायचे आणि बधिर करायचे थेंब, डोळ्यावर टेकवलेली काच, हनुवटी यंत्रावर, दहा-पंधरा मिनिटं. दुखत नाही म्हटलं तरी चालेल. १९८५ साली अमेरिकेतल्या ईटीडीआरएस या मोठ्या अभ्यासानं दाखवलं की लेसर न केलेल्या डोळ्यांपैकी २४ टक्क्यांची नजर तीन वर्षांत बरीच घसरली, लेसर केलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. पुढची पंचवीस वर्षं जगभर हाच इलाज चालला. पण हे आकडे नीट वाचा. घसरण निम्म्यावर आली. गेलेली नजर परत आली असं त्यात फारसं नव्हतं. आईंची नजर आधीच ६/१८ वर आहे. तिथेच थांबवणं हे आज पुरेसं उद्दिष्ट नाही.

दुसरी अडचण जागेची आहे. पडद्याच्या नेमक्या मध्यबिंदूपासून साधारण ५०० मायक्रॉनच्या आत लेसर मारायला डॉक्टर धजत नाहीत, कारण ठिपका म्हणजे कायमचा डाग. मारताना रुग्णानं डोळा हलवला आणि ठिपका मध्यावर पडला तर ती नजर परत येत नाही. नीट मारलेले डागसुद्धा वर्षानुवर्षं हळूहळू पसरतात आणि वाचताना ओळीतलं एखादं अक्षर गाळल्यासारखं दिसतं. शिवाय पडदा फार सुजलेला असला की किरण विखुरतो, मग ताकद वाढवावी लागते, आणि ताकद वाढली की डागही मोठा. आईंची सूज नेमकी मध्यावर, तीही ४२८. लेसरला याहून गैरसोयीची परिस्थिती क्वचित असते.

'मायक्रोपल्स' नावाचा पिवळा, डाग न पाडणारा लेसर काही ठिकाणी मिळतो, कदाचित तुम्हाला तोही सुचवतील. ब्रिटनमध्ये त्याची नेहमीच्या लेसरशी तुलना झाली आणि २०२२ मध्ये निकाल आला: दोन्ही सारखेच उपयोगी. पण त्या अभ्यासात ४०० मायक्रॉनपेक्षा कमी सुजेचेच डोळे घेतले होते. जाडी त्याच्या खाली आली की त्याचा विचार करता येईल.

इंजेक्शनचं काम निराळं. प्राणवायू कमी पडलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो आणि त्यानं केशवाहिन्या आणखी पाझरतात. इंजेक्शनातलं औषध ते रसायन बांधून टाकतं. पाझर कमी होतो, साठलेलं पाणी शोषलं जातं. अनेकांना आठवडाभरात फरक जाणवतो, लेसरचा परिणाम मात्र तीन-चार महिन्यांनीच मोजता येतो. अमेरिकेतल्या डीआरसीआर या नेत्रसंशोधन गटानं २०१० मध्ये दोन्हींची समोरासमोर तुलना केली. वर्षाअखेर फक्त लेसर घेतलेल्यांना तक्त्यावर सरासरी ३ अक्षरं जास्त दिसू लागली, रॅनिबिझुमॅब या औषधाची इंजेक्शनं घेतलेल्यांना ९. पाच अक्षरं म्हणजे एक ओळ. मध्यावरच्या सुजेसाठी इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर आलं ते तेव्हापासून.

पण औषधाचा असर ओसरतो, चार ते आठ आठवड्यांत बहुतेकांचा. म्हणून ते पुन्हा द्यावं लागतं, आणि शेजाऱ्यांचं 'सुटत नाही' इथून येतं. त्यात तथ्य इतकंच की पहिलं वर्ष जड जातं. वर सांगितलेल्या २०१० च्या अभ्यासात बहुतेकांना पहिल्या वर्षी आठ-नऊ इंजेक्शनं लागली, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, तिसऱ्या वर्षी एक-दोन, आणि पाचव्या वर्षी निम्म्याहून अधिक लोकांना एकही नाही. तेव्हा 'आधी तीन' हा आकडा ऐकून तिनातच संपेल अशी मनाची तयारी करू नका. पहिल्या वर्षासाठी आठ धरा. इथेच बरेच जण फसतात. तीन होतात, अक्षरं दिसू लागतात, सोयाबीन काढणीला येतं, फेरी चुकते. चार-पाच महिन्यांनी सूज परत भरते, आणि मधल्या काळात पेशींचं जे नुकसान झालं ते पुढच्या इंजेक्शनांनी पूर्ण भरून निघत नाही. इतक्या फेऱ्या खरंच जमणार नसतील तर ते आजच, पहिल्या इंजेक्शनाआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मग ते जास्त अंतरानं चालणारं औषध निवडतील किंवा पहिल्या सहा महिन्यांनंतर लेसरची जोड देतील. न सांगता गैरहजर राहणं सगळ्यात वाईट.

औषध कोणतं, यावर खर्चाचं सगळं गणित आहे. बेव्हॅसिझुमॅब सगळ्यात स्वस्त. ते मुळात कर्करोगाचं औषध. १०० मिलिग्रॅमची कुपी येते आणि डोळ्यात जेमतेम १.२५ मिलिग्रॅम जातं, म्हणून एका कुपीतून बऱ्याच सिरिंज भरता येतात. रॅनिबिझुमॅब त्याहून महाग, मात्र आपल्याकडे त्याची भारतीय बनावटीची रूपं २०१५ पासून मिळतात आणि ती मूळ औषधापेक्षा स्वस्त पडतात. अफ्लिबरसेप्ट आणखी महाग. फॅरिसिमॅब त्याहून नवं. चांगला प्रतिसाद मिळाला तर दोन इंजेक्शनांतलं अंतर १६ आठवड्यांपर्यंत ताणता येतं.

महाग तेच चांगलं का? डीआरसीआर गटाच्या २०१५ च्या तुलनेत पहिल्या तिन्ही औषधांत ६/१२ किंवा त्याहून चांगली नजर असलेल्यांना काहीच फरक पडला नाही. नजर त्याहून कमी असलेल्यांना, म्हणजे आईंच्या गटाला, वर्षाअखेर अफ्लिबरसेप्टनं १९ अक्षरं मिळाली, रॅनिबिझुमॅबनं १४, बेव्हॅसिझुमॅबनं १२. हे पाहून लगेच जमीन गहाण टाकायला निघू नका. २०२२ मध्ये याच संशोधन गटानं अशाच कमी नजरेच्या रुग्णांत स्वस्त बेव्हॅसिझुमॅबनं सुरुवात केली आणि ठरलेल्या निकषांनुसार सुधारणा पुरेशी नसेल तर अफ्लिबरसेप्टवर नेलं. दोन वर्षांनी त्यांची नजर पहिल्यापासून अफ्लिबरसेप्ट घेतलेल्यांइतकीच निघाली. सुमारे ७० टक्क्यांना औषध बदलावं लागलं हे खरं, पण स्वस्तात सुरुवात केल्यानं डोळ्याचं नुकसान झालं नाही. तुमच्या परिस्थितीत आमचा कल याच वाटेकडे आहे. महागड्या औषधाची दोन इंजेक्शनं घेऊन पैशाअभावी थांबण्यापेक्षा स्वस्त औषधाची आठ पुरी करणं केव्हाही बरं. डॉक्टरांना एका इंजेक्शनचा दर विचारू नका. ओसीटी आणि तपासणी धरून वर्षाचा अंदाज मागा, आणि त्यात बार्शी-सोलापूरचं जाणं-येणं स्वतः मिळवा.

बेव्हॅसिझुमॅब घेताना एक मात्र विचारा: सिरिंज कुठे भरली? कुपीतून अनेक सिरिंज भरताना स्वच्छतेत चूक झाली तर त्या दिवशीच्या अनेक रुग्णांना एकदम संसर्ग होऊ शकतो. निर्जंतुक जागेत भरणारी, त्याची नोंद ठेवणारी रुग्णालयं असतात. प्रश्न विचारल्यावर तिथे कुणी रागावत नाही. बाकीची औषधं एका डोळ्यापुरत्या सीलबंद पॅकमध्ये येतात. खोक्यावरचा बॅच नंबर फाईलला लावून घ्या. औषध दुकानातून तुम्हालाच आणायला सांगितलं तर ते २ ते ८ अंश तापमानात राहायला हवं: थर्मासच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीला थेट न टेकवता. गोठलं तर वाया.

इंजेक्शननं डोळा जातो का? आत जंतुसंसर्ग झाला तर जाऊ शकतो. तो ढोबळमानानं दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्याला होतो. त्याच्याविरुद्धचं खरं हत्यार म्हणजे पोव्हिडोन आयोडिन, तेच तपकिरी औषध. ५ टक्क्यांचं डोळ्यात घालतात, पापण्यांना बाहेरून लावतात, पापणी मागे धरायला तारेचा चिमटा बसवतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून केसासारख्या बारीक सुईनं ०.०५ मिलिलिटर, म्हणजे थेंबाएवढं औषध आत सोडतात. सुई काही सेकंदच आत असते. नंतर रात्रभर जी चुरचुर होते ती बहुधा आयोडिनची. टोचून झाल्यावर डोळा भरपूर धुऊन द्या म्हणून सांगा.

त्या दिवशी उपाशी राहायचं कारण नाही. वेगळं सांगितलं नसेल तर जेवून, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊनच जा. रक्तदाब फार वाढलेला आढळला म्हणून टेबलावरून परत पाठवलेले रुग्ण कमी नसतात. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका. रांजणवाडी, डोळे येणं, किंवा नाकाकडच्या कोपऱ्यातून सतत पाणी अथवा पू येत असेल तर आधी सांगा, इंजेक्शन पुढे ढकलावं लागेल. गेल्या काही महिन्यांत लकवा किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर तेही सांगा. अशा वेळी डॉक्टर थांबतात किंवा लेसर, स्टेरॉइडचा विचार करतात.

नंतर दोन दिवस काळे गोल बुडबुडे तरंगताना दिसतील, पांढऱ्या भागावर लाल डाग पडेल, तो दहा-पंधरा दिवसांत जिरतो. त्याला घाबरू नका. घाबरायचं ते हे: दुसऱ्या दिवसापासून आठवडाभरात दुखणं वाढत गेलं, उजेड सहन होईना, नजर आणखी धूसर झाली किंवा तरंगणाऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडू लागला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. अशा वेळी काही तासांनी फरक पडतो. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर इंजेक्शनाआधीच लिहून घ्या. तीन-चार दिवस डोळा चोळायचा नाही, डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीचा धूर आणि मळणीची धूळ टाळायची.

डाव्या डोळ्याकडे वळू. ६/६ नजर, सूज मध्यापासून दूर. इथे गळके ठिपके मध्यबिंदूपासून सुरक्षित अंतरावर असतील तर मोजक्या ठिपक्यांचा लेसर उत्तम चालतो, किंवा दर तीन-चार महिन्यांनी नुसती नजर ठेवूनही भागतं. समजा सूज मध्याला पोचली पण नजर ६/६ च राहिली, तरी धावायचं कारण नाही. २०१९ मध्ये अशा डोळ्यांचे तीन गट केले होते: काहींना लगेच इंजेक्शन, काहींना लेसर, काहींवर फक्त लक्ष ठेवून नजर उतरली तरच इंजेक्शन. दोन वर्षांनी तिन्ही गटांत नजर घटलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं, १६ ते १९ टक्के. फक्त लक्ष ठेवणं म्हणजे खरोखर ठेवणं. घरी आठवड्यातून एकदा उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा ठरावीक अंतरावरून वाचायला सांगा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा आकडे पुसट झाले तर तारखेची वाट न बघता दाखवा.

आता आईंच्या गोळ्यांची पाकिटं काढून बारीक अक्षरं वाचा. त्यात कुठे पायोग्लिटाझोन आहे का? मधुमेहाच्या दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळीत ते बऱ्याचदा असतं. ते अंगात पाणी धरून ठेवतं आणि काहींत पडद्याची सूजही वाढवतं. असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांना पडद्याचा रिपोर्ट दाखवून बदलून घ्या. सोबत तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. किडनी पाणी धरत असेल किंवा रक्तदाब चढा राहत असेल तर डोळ्यात कितीही औषध ओता, पाझर चालूच राहतो.

एका इंजेक्शननं फरक पडला नाही म्हणून औषध फसलं असं ठरवू नका. निकाल तीन ते सहा इंजेक्शनांनंतर लावतात. कधी सूज उतरते पण अक्षरं येत नाहीत. मध्याचा रक्तपुरवठाच बंद पडलेला असतो, किंवा सूज जुनी होऊन पेशी गेलेल्या असतात, किंवा मोतीबिंदू आड येत असतो. सूजच उतरत नसेल तर ओसीटीत पडद्यावर पातळ झिल्ली ओढत नाही ना, हे बघतात. तसं असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. नसेल तर स्टेरॉइडची बारीक कांडी डोळ्यात सोडतात, तिचा असर तीन-चार महिने टिकतो. त्यानं डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं आणि मोतीबिंदू लवकर पिकतो, म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेल्यांना ती जास्त मानवते. आईंचं झालंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. व्हायचं असेल तर आधी सूज आटोक्यात आणा, मग मोतीबिंदू. उलट क्रमानं केलं तर सूज भडकू शकते.

आरोग्य विमा असेल तर 'भरती व्हावं लागत नाही' या कारणावरून दावा नाकारला गेल्यास गप्प बसू नका. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमावलीत डोळ्यातली इंजेक्शनं आधुनिक उपचारांच्या यादीत नावानिशी आली. त्या नियमावलीनुसार कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, सरसकट वगळू शकत नाही. जुन्या आजाराचा प्रतीक्षा काळ मात्र पुरा झालेला हवा. विमा नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून हाच उपचार बसतो का ते विचारा, आणि सोलापूरच्या सरकारी रुग्णालयातल्या नेत्रविभागातही एक चक्कर मारा. ही चौकशी चालू असताना पहिलं इंजेक्शन लांबवू नका. नजर दिवाळीपासून उतरलेली आहे.